आडवा केलेला तारा

यशोधरा ओव्हाळ ताऱ्यांचा अभ्यास करते ही बातमी तिच्या गावात, युसूफ वडगावात, पसरली, तेव्हा दोन बाया आपापल्या पोरींच्या पत्रिका घेऊन तिच्या दारात आल्या. आपण बघतो ते तारे लग्न जुळवत नाहीत, ते फुटतात, असं तिनं त्यांना नीट समजावून सांगितलं. बायांनी पत्रिका मुकाट्यानं पिशवीत घातल्या आणि चहा पिऊन निघून गेल्या. फुटका तारा पोरीच्या नशिबी कोण घेईल?

गंमत म्हणजे तिच्याजवळ दुर्बीण नाही. आयुष्यात तिनं दुर्बिणीला डोळा लावला तो एकदाच, आणि नेमकं त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. तिचं सगळं काम बीडमधल्या भाड्याच्या एका खोलीत, तापून घरघरणाऱ्या लॅपटॉपवर चालतं. तिथून ती पुण्यातल्या एका मोठ्या संगणकाला हुकूम सोडते आणि तो तिच्यासाठी तारा मारून दाखवतो. पोटापाण्यासाठी ती एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर मानधन, सुट्टी लागली की तुम्ही कोण आणि आम्ही कोण. दर जूनला नव्यानं मुलाखत, आणि ओळखीचीच माणसं अनोळखी चेहऱ्यानं विचारणार, आपलं नाव काय. पस्तिशी आली तरी हे सुरूच होतं. एकदा पीएच.डी. हातात पडली की कुठंतरी कायमची जागा मिळेल, या आशेवर तिनं उमेदीची सगळी वर्षं काढली होती.

पोरगी नेमकं करते काय, हे तिच्या मायला, मालनबाईला, एकदा समजून घ्यायचं होतं. यशोधरेनं मोरीत स्टीलचं ताट उपडं घातलं आणि नळ बारीक सोडला. धार ताटावर पडली, पाणी पातळ पसरत गेलं आणि थोड्या अंतरावर त्याचा एक गोल कठडा उभा राहिला. कठड्याच्या आत पाणी पातळ आणि वेगात, बाहेर जाड आणि संथ. ती मायला म्हणाली, मोठा तारा म्हातारा झाला की त्याच्या पोटातलं लोखंड स्वतःच्याच वजनानं आत कोसळतं, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर. आत एका हद्दीला ते आपटतं आणि उलटं उसळतं. त्या उसळीतून धक्क्याची लाट निघते. लाट निघालेली असते ताऱ्याला फोडायला, पण वरून माल कोसळतच असतो, त्यामुळं ती वाटेतच अडते. पुढं जाईना, मागं येईना, या कठड्यासारखी नुसती उभी राहते. फरक एवढाच, की ताटात पाणी आतून बाहेर जातं आणि ताऱ्यात माल बाहेरून आत येतो. मग ती अडलेली लाट डोलायला लागते. डोक्यावरच्या हंड्यातलं पाणी एकदा हिंदकळलं की पावलागणिक जास्तच हिंदकळतं, तसं. त्या हिंदकळण्याचा हात लागला तर तारा फुटतो. हे हिंदकळणं संगणकात उभं करायचं, एवढंच तिचं काम.

मालनबाई बराच वेळ ताटाकडं बघत बसली. "मंग हिंदकळतं कंच्या अंगाला?" तिनं विचारलं.

यशोधरेचा सगळा प्रबंध याच प्रश्नावर होता. भोवऱ्यासारखा हळू फिरणारा तारा घेतला, तर लाट त्याच्या फिरण्याच्या आसाच्या दिशेनं हिंदकळते, वर-खाली, वर-खाली, असं तिला सापडलं होतं. स्फोटानंतर मागं उरणाऱ्या लहानशा गाभ्याला एका बाजूनं जोराची लाथ बसते. शास्त्रज्ञ तिला लाथच म्हणतात, त्यांना दुसरा शब्द सुचला नाही. ती लाथ कुठल्या दिशेनं बसणार, हे तारा कसा फिरत होता यावरून सांगता येईल, असा तिचा दावा होता. परदेशातल्या एका नियतकालिकात तिचा लेख छापून आला. पहिलं नाव तिचं, दुसरं तिच्या मार्गदर्शकांचं, मिसाळ सरांचं.

मग काय विचारता! बीडच्या एका पेपरनं बातमी केली, 'बीडच्या लेकीने उलगडले ताऱ्याच्या स्फोटाचे गूढ'. फोटो काढायला दिवसा तारा कुठून आणणार, म्हणून त्यांनी तिला कपिलधारला नेऊन धबधब्यापुढं उभं केलं. फोटोत तारा नाही, दुर्बीण नाही, नुसतं कोसळणारं पाणी आणि त्यापुढं ओढणी सावरणारी यशोधरा.

तिचे वडील आबासाहेब एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी ते कात्रण केजला नेऊन प्लॅस्टिकमध्ये पक्कं करून घेतलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. सकाळी ते स्टँडजवळच्या हॉटेलात चहाला बसायचे आणि कुणीही नवा माणूस दिसला की पास दाखवावा तसं कात्रण पुढं करायचे. त्यांच्या आजानं छप्पन्न सालच्या दीक्षेनंतर घरातले जुने देव नदीत सोडले होते, बापानं दुसऱ्याच्या रानात जन्म काढला होता, त्यांनी स्वतः एसटीचं चाक धरलं, आणि आता चौथी पिढी ताऱ्यापर्यंत गेली, हे ते सांगायचे. ऐकणाऱ्याला पाठ झालं तरी सांगायचे. कुणी हसलं नाही. घरोघरी असं एखादं कात्रण असतं तर बरंच की.

मे महिना आला. प्रबंध तपासून परत आला होता, दोन्ही परीक्षकांनी चांगलं म्हटलं होतं, फक्त तोंडी परीक्षा, व्हायवा, उरली होती. केजच्या एका कॉलेजात कायमची जागा निघालेली होती आणि मुलाखत जूनमध्ये होती. अट एकच, पीएच.डी. झालेली पाहिजे. सगळं कसं हातातोंडाशी आलेलं.

आणि मग तिची काटकसर आडवी आली. पुण्याच्या संगणकावर तिच्या वाट्याचा थोडा वेळ शिल्लक होता. महिनाअखेर तो वाया जाणार होता. आता ओव्हाळांच्या घरात शिळी भाकरीसुद्धा वाया जात नाही, कुटके करून फोडणी दिली जाते. तिनं विचार केला, व्हायवात दाखवायला एक नवं चित्र होईल, म्हणून एक रन, म्हणजे संगणकातली एक फेरी, लावू.

या कामात एक सवय आहे, ती इथं सांगायलाच हवी. संगणकात तारा ठेवायचा तर आधी त्याच्याभोवती रेघांची जाळी आखावी लागते, पृथ्वीच्या गोलावर असते तशी. संत्र्याच्या फोडी जशा दोन्ही टोकांना निमुळत्या होत जातात, तशी ही जाळी वरच्या आणि खालच्या टोकाला दाटते. आणि तारा ठेवताना सगळेच त्याला सरळ उभा ठेवतात, फिरण्याचा आस जाळीच्या दोन टोकांतून जाईल असा. गणित सोपं होतं म्हणून. मिसाळ सरांनी तसं शिकवलं, सरांना त्यांच्या सरांनी. देव्हाऱ्यात दिवा कुठल्या बाजूला ठेवायचा हे जसं कुणी विचारत नाही, तसं हेही कुणी विचारत नव्हतं. यशोधरेनं आजवरचे सगळे तारे सरळ उभे करूनच मारले होते. या वेळी तिनं उरल्यासुरल्या वेळात तारा आडवा केला. नुसतं चित्र वेगळं दिसावं म्हणून.

सकाळी चहा ठेवून तिनं लॅपटॉप उघडला. तारा आडवा फिरत होता, जसा सांगितला तसा. लाट आता आडवी हिंदकळायला हवी होती. पण ती हिंदकळत होती वर-खाली. ताऱ्याच्या आसाशी तिला काही देणंघेणंच नव्हतं. ती जाळीच्या टोकांना धरून हलत होती.

चहा उतू गेला. आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून तिनं सगळ्या ओळी पुन्हा तपासल्या आणि उरलेल्या वेळात तारा अर्धवट तिरपा करून पुन्हा रन लावला. लाट पुन्हा वर-खाली. मग मात्र तिच्या पायाखालची जमीन सरकली. जे हिंदकळणं तिनं ताऱ्याचं म्हणून जगाला सांगितलं होतं, ते तिच्या जाळीचं होतं. टोकाशी दाटलेल्या त्या चिंचोळ्या घरांमध्ये हिशेब जरासा चुकत होता आणि लाट त्याच चुकीवर झोके घेत होती. तारा खरा कुणीकडं हिंदकळतो, हे तिला मुळीच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ती आपलीच जाळी बघत बसली होती.

तिनं मिसाळ सरांना फोन केला. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन-तीन नेमके प्रश्न विचारले, आणि मग म्हणाले, "हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही सर, तुम्हालाच."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. व्हायवा होऊन जाऊ दे."

दोन रनवरून काही ठरत नसतं, असं ते म्हणाले. परीक्षकांनी प्रबंध मान्य केला आहे, एकदा पदवी हातात आली की शांतपणे पुन्हा तपासू, चूकच निघाली तर दुरुस्तीचा लेख लिहू, शास्त्र असंच पुढं जातं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तिला त्यांच्यावर रागही धरता येईना. फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटलं, आणि आपल्याला हलकं वाटतंय हे लक्षात येताच स्वतःचीच किळस आली.

त्याच आठवड्यात बुद्धपौर्णिमा होती आणि वडगावच्या विहारात तिचा सत्कार ठरलेला होता. सत्काराची हौस सुंदररावांना. विहार समितीचे ते अध्यक्ष, आणि गावात कुणी बारावी झालं तरी शाल घेऊन हजर. तिनं आबांना फोन करून सत्कार नको म्हणून बघितलं. आबा म्हणाले, बॅनर छापून झालंय.

बॅनरवर तोच धबधबा होता. विहारात माणसं मावत नव्हती, पंखे गरम वारा फेकत होते, मूर्तीपुढच्या मेणबत्त्या उन्हाळ्यानं कमरेतून वाकल्या होत्या. कार्यक्रमाआधी त्रिसरण-पंचशील झालं. भंतेजी एक एक शील म्हणत होते आणि सगळं विहार मागून म्हणत होतं. यशोधरा हे शब्द बोलायला शिकली तेव्हापासून म्हणत आलेली, जीभ आपसूक चालायची. तिसरं शील झालं. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. तिचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. शेजारी बसलेल्या मालनबाईनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. भंतेजी पाचव्यावर गेले, सगळे गेले, ती चौथ्यावरच राहिली.

शाल झाली, फुलं झाली, सुंदररावांनी माइक तिच्या हातात दिला. तिनं ठरवून काही आणलं नव्हतं.

"माझ्या कामात चूक निघालीय," ती म्हणाली. "पेपरात आलं ते बरोबर नाही. या सत्काराला मी लायक नाही."

मग सुंदररावांनी माइक घेतला. "बघा," ते म्हणाले, "एवढं शिकून बी पोरीला गर्व कसला तो न्हाई." टाळ्यांचा कडकडाट झाला. तिनं माइक परत मागितला, जाळीचं, आसाचं सांगायला लागली, पण माइकनं शिट्टी मारली आणि तेवढ्यात खिरीची पातेली आली. पोरासोरांची एकच झुंबड उडाली. बाया तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडत होत्या. एकटे आबासाहेब टाळ्या वाजवत नव्हते. ते खिशावर हात ठेवून तिच्याकडं बघत बसले होते.

घरी जाताना बापलेक मागं राहिले. डांबर वितळून चपलेला चिकटत होतं.

"तू म्हणलीस त्ये खरं हाय?" आबांनी विचारलं.

"हो आबा."

"समदं चुकलं?"

"छापून आलं तेवढं समदं."

त्यांनी चपलेला लागलेलं डांबर एका दगडावर घासलं. मग म्हणाले, "हितं बसलेल्यातल्या कुणाला कळलं का त्ये?"

"न्हाई."

"मंग ज्येला कळतंय त्येला सांगितलंस का?"

"मिसाळ सरांना सांगितलंय."

"त्ये तर तुझ्याच गाडीत बसल्यात. म्होरून येणाऱ्याला सांगितलंस का?"

तिला राग आला. सांगितलं तर व्हायवा जाईल, केजची जागा जाईल, पुन्हा जूनमध्ये त्याच खुर्चीपुढं उभं राहावं लागेल, हे सगळं ती एका दमात बोलली. आबांनी तिला काही उपदेश केला नाही. त्यांनी खिशातलं कात्रण काढलं, उन्हात धरून पाहिलं आणि परत ठेवलं. ते बघितलं आणि यशोधरेला कळलं की विहारात आपण खरं बोललो ते अशा माणसांपुढं, ज्यांच्याकडून आपलं काहीच बिघडणार नव्हतं. ज्याला कळत नाही त्याला खरं सांगणं फार सोपं असतं. वर टाळ्याही मिळतात.

त्या दुपारी ती ओट्यावर बसली, कारण घरात रेंज येत नाही. विद्यापीठाला, दोन्ही परीक्षकांना आणि त्या परदेशी नियतकालिकाला तिनं एकच मजकूर लिहिला, दोन्ही रनची चित्रं जोडली, सरांना प्रत लावली. बोट पाठवायच्या बटणावर अडून राहिलं. मालनबाई दारात गहू पाखडत होती. पोरीचं काय चाललंय हे तिला पुरतं ठाऊक नव्हतं, पण चौथ्या शीलापाशी काय झालं ते तिनं पाहिलं होतं.

"कोंबडं झाकून तांबडं फुटायचं ऱ्हात न्हाई बाई," ती सुपाकडं बघतच म्हणाली.

यशोधरेनं बटण दाबलं.

पुढं जे व्हायचं तेच झालं. व्हायवा पुढं ढकलली, प्रबंधातली दोन प्रकरणं पुन्हा करायला सांगितली. नियतकालिकानं लेखावर दुरुस्तीची नोंद चढवली. मिसाळ सर कितीतरी दिवस बोलले नाहीत. नंतर त्यांचा फोन आला आणि नवी जाळी कशी आखायची एवढंच ते बोलले, मागचं काही निघालं नाही. केजची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. जूनमध्ये ती पुन्हा तासिका तत्त्वाच्या मुलाखतीला गेली आणि त्यांनी विचारलं, आपलं नाव काय.

पश्चात्ताप झाला नाही असं म्हणावं तर ते खोटं होईल. झाला. बीडच्या खोलीत ती दोनदा ढसाढसा रडली. पण जागेपेक्षाही तिला एक गोष्ट जास्त लागली. आबांनी स्टँडवर चहाला जाणं सोडलं होतं. गुडघे दुखतात, असं ते फोनवर सांगायचे. स्टेअरिंगखाली तीस वर्षं न दुखलेले गुडघे आताच कसे दुखायला लागले, हे तिला न समजायला ती काही लहान नव्हती. माणसाच्या खिशात मिरवायला एकच वस्तू होती, ती आपण काढून घेतली, असं तिच्या मनात बसलं. ती वडगावला जाईनाशी झाली.

पाऊस संपता संपता मालनबाईला ताप आला, तेव्हा तिला जावंच लागलं. एसटीतून उतरली तर स्टँडजवळच्या हॉटेलात पाठमोरे आबा. गुडघ्यांनी रजा संपवलेली दिसली. समोर सुंदरराव आणि त्यांचा कुणी लांबचा पाहुणा. सुंदरराव पाहुण्याला सांगत होते की यांची लेक ताऱ्यातली मोठी शास्त्रज्ञ हाय, आणि आबांना म्हणाले, दाखवा की तो कागद. यशोधरेला वाटलं, आल्या गाडीनं परत जावं. पण गाडी हलली नाही आणि तीही हलली नाही.

आबांनी खिशातून कात्रण काढलं आणि पाहुण्यापुढं ठेवलं.

"पाव्हणं, ह्ये छापलंय ना, ह्ये चुकलंय," ते म्हणाले.

पाहुणा गोंधळला. त्यानं कात्रण उलटं-सुलटं करून पाहिलं. "मंग खिशात कावून ठिवलंय?"

"चूक कुणी काढली त्ये सांगाया लागतं म्हणून," आबा म्हणाले. "माझ्या पोरीनं काढली. कुणी विचारलं नव्हतं, कुणाला दिसली बी नव्हती. समदे तारा उभा करून बघत हुते. तिनं आडवा केला."

यशोधरा गाडीच्या मागच्या चाकाशी उभी राहून रडली. उतारू बघत होते, त्यांना बघू दिलं. मग तोंड पुसून ती हॉटेलाकडं निघाली. आबांनी तिला पाहिलं, कात्रण खिशात ठेवलं आणि हॉटेलवाल्याला अजून एक चहा सांगितला.